वसईच्या कॅथलिक कलावंतांचा ऑनलाइन समूह कसा उभारावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईच्या आणि मुंबईच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरात, म्हणजे पॅरिशमध्ये) चित्रकार, गायक, वादक, कवी, नाटके लिहिणारे, छायाचित्रकार आणि नाताळगोठे उभारणारे तरुण पुष्कळ आहेत, परंतु नंदाखालचे काम गासला माहीत नसते आणि उत्तनचे पापडीला; नोकरीसाठी आखातात किंवा कॅनडात गेलेले कलावंत तर पूर्णपणे तुटतात. अशा मराठी भाषक कॅथलिक कलावंतांना ऑनलाइन एकत्र आणायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी, चर्चची परवानगी लागते का, आणि असे समूह काही महिन्यांतच शांत का होतात? गायकवृंद आणि चित्रकार यांच्याबरोबर मी बराच काळ हे काम करत आलो आहे. मी उत्तराची सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

समूह शांत होतो त्याचे कारण सदस्यांची उदासीनता हे क्वचितच असते. बहुतेक ठिकाणी माणसे जमवली जातात, पण त्यांच्यासमोर करण्यासारखे काम ठेवले जात नाही. आरंभी प्रत्येक जण आपली ओळख करून देतो, मग सणांच्या शुभेच्छांची तयार चित्रे येऊ लागतात, त्यांच्यामागून नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) वेळा, निधनवार्ता, शिबिरांची पत्रके, आणि थोड्याच दिवसांत तो धर्मग्रामाचा आणखी एक सूचनाफलक होऊन बसतो. या सूचना उपयोगाच्याच असतात. परंतु त्यांच्या गर्दीत कोणताही चित्रकार आपले अर्धवट रेखाटन ठेवणार नाही आणि कोणताही कवी ज्या कडव्याबद्दल त्याला शंका आहे ते कडवे वाचायला देणार नाही. कलावंताला लक्षपूर्वक पाहणारे चार डोळे हवे असतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, मुख्य जागा केवळ कामासाठी ठेवावी: स्वतःचे चित्र, गीत, चाल, संहिता, छायाचित्र, मग ते पूर्ण असो वा अपुरे. घोषणांसाठी वेगळी जागा करावी आणि तेथे फक्त संयोजकांनी लिहावे. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला नाही, तर नंतर तो लागू करणे फार कठीण जाते, कारण तोपर्यंत गावच्या ज्येष्ठांना रोज सकाळी वचन पाठवण्याची सवय लागलेली असते आणि त्यांना थांबवणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही.

पुढचा प्रश्न असा की, वर्षभर समोर ठेवायचे काम आणायचे कोठून? ते आपल्याला आयते मिळालेले आहे. चर्चचे उपासना वर्ष दर वर्षी त्याच क्रमाने येते: आगमनकाळ (नाताळपूर्वीचे आठवडे), नाताळ, प्रायश्चित्तकाळ (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ), पवित्र सप्ताह, पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचा काळ), पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, मे महिन्यातील मरियाभक्ती, ऑक्टोबरमधील जपमाळ, नोव्हेंबरमधील मृतांचे स्मरण. यांतील प्रत्येक टप्प्याला गीत लागते, चित्र लागते, नाट्यप्रवेश लागतो, निवेदन लागते, आणि हे सगळे आज प्रत्येक धर्मग्राम स्वतंत्रपणे, शेवटच्या आठवड्यात, घाईघाईने करतो. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात. एका वर्षी प्रामुख्याने मत्तयचे शुभवर्तमान (येशूचे चरित्र), दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या कोणत्या रविवारी कोणते शुभवर्तमान वाचले जाणार हे आजच ठाऊक असते. इतक्या निश्चित वेळापत्रकावर काम करण्याची सोय फार थोड्या कलावंतांना असते, आणि तिचा लाभ आपण जवळजवळ घेतच नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. नाताळच्या नव्या गीतांची मागणी समूहात ऑगस्टमध्ये निघाली पाहिजे, सप्टेंबरअखेर शब्द आणि चाल पक्की झाली पाहिजे, म्हणजे ऑक्टोबरमध्ये गायकवृंदांच्या हाती ती पडते. क्रुसाच्या वाटेचे, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीतील चौदा प्रसंगांच्या भक्तीचे, काम नाताळ संपताच वाटून द्यावे. चौदा स्थाने चौदा जणांना द्यावीत. एकाने जलरंगात, दुसऱ्याने कविता म्हणून, तिसऱ्याने छायाचित्रातून, चौथ्याने मातीत आपले स्थान साकार करावे. प्रत्येकाला आपल्या आधीचे आणि नंतरचे स्थान कोण करत आहे हे माहीत असावे, कारण शेजारी काय घडते आहे ते पाहून आपले काम बदलणे हाच सामूहिक कामाचा खरा फायदा आहे. ज्यांना सणांच्या कामाव्यतिरिक्त एखादा निमित्ताचा दिवस हवा असेल, त्यांच्यासाठी कलावंतांचे आश्रयदाते संत आहेत: चित्रकारांसाठी संत लूक, १८ ऑक्टोबर, संगीतकारांसाठी संत सिसिलिया, २२ नोव्हेंबर, लेखक आणि पत्रकारांसाठी संत फ्रान्सिस डी सेल्स, २४ जानेवारी, आणि फ्रा अँजेलिको, ज्यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये कलावंतांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, १८ फेब्रुवारी.

नाताळगोठ्यांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातील सर्वांत जिवंत कला मला तीच वाटते आणि कलावंतांच्या याद्यांमध्ये ती करणारे कधीच नसतात. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा उभा केला, ती परंपरा वसईत गावोगावच्या तरुण मंडळांनी स्वतःची करून घेतली आहे. गोठ्याची कल्पना सुचण्यापासून बांबू, गवत, पोती, थर्माकोलला पर्याय, प्रकाशयोजना, मूर्तींची मांडणी, निवेदनाचा मजकूर येथपर्यंत सर्व कामे ही मुले करतात, पर्यावरणापासून व्यसनमुक्तीपर्यंतचे विषय हाताळतात, आणि जानेवारीत तो गोठा मोडला की त्यांच्या हाती मोबाइलमधील काही छायाचित्रांखेरीज काही उरत नाही. ही मुले स्वतःला कलावंत म्हणवून घेत नाहीत, म्हणून आवाहन केल्यावर ती येणार नाहीत. त्यांच्याकडे जावे लागेल. त्यांच्याकडून तयार गोठ्याच्या छायाचित्रापेक्षा तो उभा राहत असतानाच्या टप्प्यांची नोंद मागावी: पहिला आराखडा, सांगाडा, कोणते साहित्य कोठून आणले, कोणती जोडणी कशी केली, दव पडत असताना कागद कसा वाचवला. अशा नोंदी दोन-तीन वर्षे साठल्या की जे ज्ञान आज दर पिढीला नव्याने मिळवावे लागते ते सर्वांच्या हाती येते, आणि समूहाला त्याचे सर्वांत उत्साही सदस्य मिळतात.

सदस्य कोणाला करावे, या प्रश्नावर आरंभीच स्पष्टता असावी. उपासनेसाठी केलेली कला आणि कॅथलिक माणसाने केलेली कला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना समूहात जागा हवी. पहिल्या प्रकाराला नियम आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनाविधीविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात एकीकडे असे म्हटले आहे की चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली स्वतःची म्हणून स्वीकारलेली नाही, आणि दुसरीकडे असेही की उपासनेत गायच्या शब्दांनी श्रद्धातत्त्वांशी सुसंगत असले पाहिजे आणि ते मुख्यतः पवित्र शास्त्रातून व उपासनाविधीच्या स्रोतांतून घेतलेले असावेत. पहिले वाक्य चित्रकारांनी आणि दुसरे गीतकारांनी मूळ संदर्भासह वाचावे; गावातील अर्धे वाद तेवढ्याने मिटतात. दुसऱ्या प्रकारच्या कलेला, म्हणजे मिठागरांचे चित्र, वाडी विकल्यावरची कविता, लग्नातील ओव्यांचे ध्वनिमुद्रण, यांना असा कोणताही नियम लावू नये. प्रत्येक चित्रात क्रूस असलाच पाहिजे अशी अपेक्षा समूहात एकदा रुजली, की चांगले कलावंत शांतपणे निघून जातात.

या संदर्भात अँजेलो द फोन्सेका यांचे आयुष्य प्रत्येक संयोजकाने जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिक्षण घेतले आणि पवित्र मरिया, बाळ येशू व संत यांना भारतीय वेशात, भारतीय घरांच्या ओसऱ्यांवर आणि अंगणांत रंगवले. साडी नेसलेली मरिया गोव्यातील तत्कालीन चर्चवर्तुळाला मानवली नाही आणि त्यांना विरोध सहन करावा लागला. त्यांना राहायला आणि काम करायला जागा मिळाली ती पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, जो अँग्लिकन परंपरेतला होता. आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या मोजक्या लोकांनी त्यांना प्रोत्साहन दिले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात आहे आणि ज्या शैलीबद्दल त्यांच्यावर टीका झाली तिच्याकडे आता आदराने पाहिले जाते. एक निवारा आणि समजून घेणारी थोडी माणसे एवढ्यावर त्यांचे आयुष्यभराचे काम उभे राहिले. नव्या कलावंताला अशी माणसे स्वतःच्या धर्मप्रांतातच (आपल्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रातच) भेटावीत, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

त्याच वेळी समूहाने स्वतःभोवती भिंत घालू नये. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले, ते मराठी वाचकांनी त्यांना आपला लेखक मानले म्हणून. समूहातील कवीने आपली कविता धर्मप्रांताच्या नियतकालिकाबरोबरच इतर मराठी नियतकालिकांनाही पाठवावी, चित्रकाराने सर्वसाधारण प्रदर्शनांत भाग घ्यावा, आणि समूहाने त्याला त्यासाठी मदत करावी.

आता समीक्षेविषयी. आपल्या समाजात एकमेकांना ओळखणारी माणसे इतकी जवळची असतात की कोणी काहीही दाखवले तरी उत्तर ‘छान’, ‘देव तुझे भले करो’ आणि हात जोडल्याचे चिन्ह एवढेच येते. यात प्रेम असते, पण त्यातून काम सुधारत नाही. म्हणून दाखवणाऱ्यानेच एक प्रश्न विचारावा, असा नियम करावा: या चित्रात डावीकडचा अंधार जड वाटतो का, हे ध्रुवपद वृद्धांना एका श्वासात म्हणता येईल का, या संवादात पिलात (येशूला शिक्षा सुनावणारा रोमन अधिकारी) फार वेळ बोलतो का. नेमका प्रश्न आला की नेमके उत्तर येते आणि ते वैयक्तिक वाटत नाही. उत्तर देणाऱ्याने प्रथम आपल्याला काय दिसले किंवा ऐकू आले ते सांगावे, मत त्यानंतर. श्रद्धातत्त्वाची शंका असेल तर ती जाहीरपणे मांडू नये. ती संयोजकांमार्फत एखाद्या अभ्यासू धर्मगुरूंकडे न्यावी, कारण ‘हे चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध आहे’ असे वाक्य चारचौघांत लिहिले गेले की पुढे चित्राबद्दल कोणी बोलतच नाही. संगणकीय यंत्राने निर्माण केलेले चित्र किंवा चाल दाखवायची असेल, तर तसे स्पष्ट लिहिणे बंधनकारक असावे. हाताने काम करणाऱ्याचा विश्वास त्याशिवाय टिकत नाही.

चर्चच्या परवानगीबद्दल बरेच गैरसमज आहेत. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतील नियम २१५ प्रमाणे श्रद्धावंतांना धार्मिक व सेवाभावी हेतूंसाठी तसेच जगात ख्रिस्ती जीवनाची जोपासना करण्यासाठी संघ स्थापन करण्याचे आणि सभा घेण्याचे स्वातंत्र्य आहे. म्हणजे पंधरा-वीस कलावंतांनी एकत्र येऊन एकमेकांचे काम पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. परंतु नियम २१६ आणि ३०० यांनुसार कोणत्याही उपक्रमाला किंवा संघाला आपल्या नावात ‘कॅथलिक’ हा शब्द योग्य त्या चर्च अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतापासून वेगळा झाला. उत्तन, गोराई, मनोरी मुंबईकडेच आहेत, आणि समूहात नाशिक, पुणे किंवा सिंधुदुर्ग धर्मप्रांतातील सदस्यही असतील. संमती कोणाची घ्यायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवत बसण्यापेक्षा नाव एखाद्या संताचे किंवा स्थानाचे ठेवावे आणि वर्णनात ‘कॅथलिक कलावंतांनी चालवलेला’ असे साध्या शब्दांत लिहावे. गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झालेले संत आहेत. त्यांच्या नावाला कोणत्याही गावाचा आक्षेप येणार नाही.

परवानगी नको म्हणजे संबंध नको, असे मात्र नाही. काम सुरू झाल्यावर, दाखवण्यासारखे काही हाती आल्यावर, आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना आणि धर्मप्रांताच्या उपासना व समाजसंपर्क विभागांना भेटून कळवावे. प्रार्थनापुस्तिका छापायची असेल, तर नियम ८२६ प्रमाणे स्थानिक बिशपांची परवानगी आवश्यकच आहे, आणि मिस्सात (चर्चच्या मुख्य उपासनाविधीत) नवे गीत गायचे असेल तर तेथील धर्मगुरूंचा निर्णय मानला पाहिजे. समूहाने एखाद्या धर्मगुरूंना आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून बोलवावे, परंतु दैनंदिन संयोजन प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, कलावंतांच्या हाती ठेवावे. धर्मगुरूंची दर काही वर्षांनी बदली होते, आणि ज्या समूहाची किल्ली त्यांच्या एकट्याच्या हाती असते तो बदलीबरोबर संपतो. मी हे अनेक गावांत पाहिले आहे.

भाषेच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन की समूहाची सामाईक भाषा मराठी ठेवावी आणि कामाची भाषा ज्याची त्याला निवडू द्यावी. वसईच्या सामवेदी बोलीत लिहिलेली कविता, मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या बोलीतील लग्नगीत, गोव्यातील सदस्याचा कोकणी मांडो, श्रीरामपूर-हरेगाव भागातील ख्रिस्ती भजन, यांना खाली दोन-तीन ओळींचा मराठी आशय जोडला की पुरे. बोलीतले काम प्रमाण मराठीत ‘सुधारून’ मागू नये. लिखाण युनिकोड देवनागरीतच करावे. जुन्या गीतमाला ज्या टंकांत (फॉन्टमध्ये) जुळवल्या गेल्या ते टंक आता नव्या संगणकांवर उघडत नाहीत, त्यांतील शब्द शोधता येत नाही, आणि चांगली गीते केवळ त्यामुळे अडकून पडली आहेत. ज्यांच्याकडे असे जुने फाइल-संच असतील त्यांच्याकडून ते मिळवून रूपांतरित करणे हे तंत्र जाणणाऱ्या, पण स्वतः गाणे-चित्र न करणाऱ्या सदस्यांना देण्यासारखे उत्तम काम आहे.

जतन हा विषय येथेच येतो. इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी महाकाव्य ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले आणि त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरीही ते काव्य टिकले, कारण ख्रिस्ती घरांतून लोकांनी ते हाताने उतरवून ठेवले आणि पिढ्यान्‌पिढ्या गायले. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती अशाच हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झाली. संदेशांच्या समूहात टाकलेले गीत वर्षभराने सापडत नाही, फोन बदलला की जाते. म्हणून समूहाच्या संभाषणापासून वेगळा, नीट नावे दिलेला संग्रह पहिल्या महिन्यापासून असावा: शीर्षक, कर्ता, वर्ष, गाव, कोणत्या प्रसंगासाठी, कोणत्या अटींवर वापरता येईल. त्याची एक प्रत ढगसाठ्यात (क्लाउडवर), एक बाहेरील हार्ड डिस्कवर, आणि गीतांच्या बाबतीत एक कागदावर असावी.

संगीताच्या कामाबद्दल एक तांत्रिक सूचना. इंटरनेटवरून आवाज पोहोचायला जो विलंब लागतो त्यामुळे व्हिडिओ-भेटीत एकत्र गाणे शक्य होत नाही. त्याचा प्रयत्न करून लोक निराश होतात. एका वादकाने ठेका आणि स्वर देणारा मार्गदर्शक ट्रॅक तयार करावा, प्रत्येकाने तो हेडफोनवर ऐकत आपला भाग फोनवर ध्वनिमुद्रित करावा, पंखा बंद करून आणि पडदे असलेल्या खोलीत, आणि एकाने ते जुळवावे. व्हिडिओ-भेट चाल समजावण्यासाठी व शब्दोच्चार सुधारण्यासाठी वापरावी. चित्रांची छायाचित्रे फ्लॅशशिवाय, सावलीतील दिवसाच्या उजेडात, चौकटीला समांतर घ्यावीत आणि दस्तऐवज म्हणून पाठवावीत, म्हणजे ती दाबली जाऊन रंग बिघडत नाहीत. समूह कोणत्या माध्यमावर असावा याची चर्चा लोक फार करतात. सदस्य जेथे आधीच आहेत तेथे, म्हणजे आपल्याकडे बहुधा व्हॉट्सॲपवर, सुरुवात करावी आणि संग्रह तेवढा बाहेर ठेवावा.

पैसा आणि हक्क यांविषयी उघडपणे बोलल्याशिवाय कलावंतांचा समूह प्रामाणिक होत नाही. चर्चसाठी केलेले काम म्हणजे सेवा, तिचे मोल कसे मागायचे, अशी आपली धारणा आहे आणि तिच्यात सुंदर भाग आहे. पण सुताराला, विजेच्या कारागिराला आणि मंडपवाल्याला पैसे देणारा धर्मग्राम चित्रकाराकडून रंगांचाही खर्च करून घेतो, हे योग्य नाही. समूहाने निदान एवढे ठरवावे की साहित्याचा खर्च नेहमी मागायचा, आणि मानधन सोडायचे असेल तर ते कलावंताने स्वतःहून सोडायचे. कायद्याच्या तीन गोष्टी प्रत्येक सदस्याला माहीत असाव्यात. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार पैसे देऊन एखाद्याने चित्र किंवा छायाचित्र करून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला प्रताधिकार करून घेणाऱ्याचा होतो. म्हणून दोन ओळींचा लेखी करार करून पुनर्मुद्रणाचा हक्क आपल्याकडे ठेवावा. गीताचे शब्द आणि चाल यांचा हक्क मुळात कर्त्याचा असतो आणि तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. तिसरी गोष्ट गायकवृंदांसाठी: खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे हे कायद्याने उल्लंघन मानलेले नाही, परंतु तेच गाणे नंतर यूट्यूबवर चढवणे त्या सवलतीत आपोआप बसते असे समजू नये, विशेषतः चाल चित्रपटगीताची असेल तर. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की त्याचे शब्द सर्वांना खुले होतात, रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे पंथांच्या सीमा ओलांडून गायल्या जाणाऱ्या त्यांच्या गीतांना नव्या चाली लावायला कोणाची आडकाठी नाही.

परदेशस्थ सदस्यांकडून निधी घेताना फार जपून वागावे. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० प्रमाणे धार्मिक किंवा सांस्कृतिक कार्य करणाऱ्या संस्थेला परकीय देणगी घेण्यासाठी केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. दुबईत नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम त्यात मोडत नाही. परंतु ज्याने कॅनडाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी मोडते, मग तो मूळचा निर्मळचा का असेना. देणगीऐवजी त्याने एखाद्या चित्रकाराचे चित्र रीतसर विकत घेतले, तर तो नेहमीचा व्यवहार होतो. म्हणून पहिली काही वर्षे समूहाच्या नावाने पैसा गोळाच करू नये आणि गिऱ्हाईक व कलावंत यांची थेट गाठ घालून द्यावी, असे माझे मत आहे.

सुरक्षिततेचा विषय कोणालाही काढायला आवडत नाही, पण गायकवृंदात आणि गोठ्यांच्या मंडळांत अठरा वर्षांखालील मुले-मुली असतातच. त्यांना पालकांच्या लेखी संमतीनेच घ्यावे, कोणत्याही प्रौढ सदस्याने त्यांच्याशी खाजगी संदेशांतून कामाचे बोलू नये, आणि त्यांची छायाचित्रे नावासह प्रसिद्ध करू नयेत. तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावे, त्यांपैकी एक स्त्री, सर्वांना ठाऊक असावीत. मोठ्या कलावंताचा धाक तक्रारीच्या आड येऊ देऊ नये. धर्मगुरू व कलावंत मार्को रुपनिक यांची मोझेक चित्रे जगभरच्या चर्चमध्ये आहेत; अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर अत्याचाराचे आरोप केले, जून २०२३ मध्ये येशू संघाने (ते ज्या धर्मगुरूंच्या संघाचे होते त्याने) त्यांना संघाबाहेर काढले, आणि मार्च २०२५ मध्ये लूर्दच्या बॅसिलिकेच्या प्रवेशद्वारांवरील त्यांची मोझेक झाकण्यात आली. पीडित यात्रेकरूंना त्या दारांतून आत जाणे असह्य होत होते. कलेची थोरवी हे गप्प राहण्याचे कारण होऊ शकत नाही, हे आपल्या नियमांत पहिल्यापासून लिहिलेले असावे.

ऑनलाइन समूहालाही प्रत्यक्ष भेटीची गरज असते, आणि भेट शक्यतो चित्रे किंवा वस्तू पाहण्यासाठी असावी, कारण भाषणांसाठी जमलेले कलावंत पुन्हा येत नाहीत. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय, मुंबईत गोरेगाव येथील महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय, नाहीतर वसईतीलच एखाद्या जुन्या चर्चची लाकडी वेदी, यांपैकी एक ठिकाण वर्षातून एकदा निवडावे आणि वह्या-पेन्सिली घेऊन जावे.

सुरुवात लहान ठेवावी. वेगवेगळ्या गावांतील आणि वेगवेगळ्या कलांतील दहा-बारा माणसे, जी खरोखर काम करत आहेत, एवढी पुरेत. त्यांना एकच ठरावीक काम, ठरावीक मुदतीचे, द्यावे आणि ते पूर्ण होऊन एखाद्या धर्मग्रामात प्रत्यक्ष वापरले जाईपर्यंत नवे सदस्य घेऊ नयेत. संयोजक तीन असावेत, त्यांतील एक परदेशस्थ असला तर वेळेच्या फरकाचा उपयोगच होतो, आणि दर वर्षी त्यांपैकी एकाने जागा सोडून नव्याला द्यावी. तुम्ही पावसाळ्यात हे काम हाती घेत असाल, तर पहिले काम आगमनकाळाच्या चार रविवारांसाठी चार गीते आणि चार चित्रे हे ठेवा. प्रत्येक रविवारचे वाचन एका कवीला, एका संगीतकाराला आणि एका चित्रकाराला मिळून द्या, आणि चारही चित्रांची छपाई कोणत्या चर्चच्या प्रवेशद्वारी लागणार हे त्या धर्मगुरूंशी बोलून आधीच ठरवून घ्या.